थांबा, पुढे काहीतरी आहे

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, टूसॉन शहराच्या पूर्वेला, आंतरराज्य महामार्ग क्रमांक १० वर पिवळ्या पाट्या दिसू लागतात. पाटीवर ‘द थिंग?’ एवढंच, प्रश्नचिन्हासकट. ती वस्तू जिवंत की मेलेली, केवढी, कुठून आणलेली, काही सांगितलेलं नसतं. थोड्या वेळाने दुसरी पाटी येते, मग तिसरी. दोन्ही बाजूंना काटेरी झुडपं आणि करडी माती, बघायला दुसरं काही नाही. मागच्या सीटवरची पोरं ‘काय असेल, काय असेल’ म्हणून कालवा करतात आणि टेक्सास कॅनियन नावाच्या गोलगरगरीत खडकांच्या टापूत गाडी शिरेपर्यंत बापाने हात टेकलेले असतात. तिथे पेट्रोल पंप आहे, भेटवस्तूंचं दुकान आहे आणि दुकानामागे ते प्रदर्शन. कैक वर्षं आत शिरायला एक डॉलर पडायचा.

जमिनीवर रंगवलेल्या पावलांमागून चालत गेलं की शेडमध्ये जुन्या बग्ग्या दिसत, लाकडातून कोरलेल्या वेड्यावाकड्या आकृत्या दिसत. एक रोल्स-रॉइस होती, ती हिटलरने वापरली असावी असा दावा, आणि हा दावा सिद्ध करता येत नाही अशी कबुलीही तिथल्याच पाटीवर. शेवटी ‘ती’ वस्तू. काचेखालच्या पेटीत एक सुकलेली, प्रेतासारखी बाई आणि तिला बिलगलेलं मूल. अशा नकली ममी घडवून जत्रा-सर्कशींना विकणारा होमर टेट नावाचा कारागीर ॲरिझोनात होता. हे काम त्याचंच असावं असा दाट समज आहे.

रहस्य फोडलं म्हणून वाचकांनी रागावू नये. आपल्याकडच्या जत्रेत तंबूबाहेर धडाविना बोलणाऱ्या मुंडक्याचं चित्र रंगवलेलं असतं. तिकीट त्या चित्राचं असतं, आतल्या मुंडक्याचं नसतं, हे तिकीट काढणाऱ्यालाही ठाऊक असतं. ‘द थिंग’चा डॉलर असाच पाट्यांचा होता. पन्नास-शंभर मैल फुकट पुरलेल्या कुतूहलाचा तो मोबदला.

हा उद्योग सुरू केला थॉमस बिंकली प्रिन्स नावाच्या वकिलाने. त्याचं पहिलं दुकान कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात, बारस्टो आणि बेकर या गावांच्या दरम्यान होतं. नवा महामार्ग आला तेव्हा तिथून उठावं लागलं, आणि १९६५ च्या सुमारास आपल्या ममीसकट तो ॲरिझोनात आला. नव्या रस्त्याने हुसकावलेल्या माणसाने नव्या रस्त्याकडेलाच पुन्हा दुकान मांडलं आणि ते चाललं. असं नशीब फार थोड्यांच्या वाट्याला आलं. बहुतेकांचं काय झालं हे पाहायचं तर उत्तरेच्या रस्त्यावर, म्हणजे ‘रूट ६६’ वर जावं लागतं.

रूट ६६ हा क्रमांक १९२६ साली ठरला. शिकागोपासून लॉस एंजेलिसपर्यंत सुमारे २,४०० मैलांचा हा रस्ता. तो सलग डांबरी व्हायला १९३८ उजाडलं. त्याचा पश्चिमेकडचा भाग न्यू मेक्सिको, ॲरिझोना आणि मोहावी अशा कोरड्या मुलखातून जातो. किती कोरड्या? मोहावीतल्या बॅगडॅड नावाच्या रेल्वेच्या ठाण्यावर ऑक्टोबर १९१२ ते नोव्हेंबर १९१४ या काळात सलग ७६७ दिवस पावसाचा थेंब पडला नव्हता, अशी नोंद आहे. त्या काळच्या मोटारी या मुलखात तापायच्या. चढ लागला की रेडिएटरमधून वाफ निघायची. लोक कॅनव्हासची पाण्याची पिशवी गाडीच्या पुढे बांधून निघत, शक्य असेल तर मोहावी रात्रीच ओलांडत. गाडीत वातानुकूलन नव्हतं. रस्ता दोन पदरी होता आणि प्रत्येक गावाच्या मधोमध, दुकानांच्या दारासमोरून जायचा.

म्हणजे थांबणं भागच होतं. प्रश्न एवढाच उरायचा की कुणाच्या दारात थांबायचं. सगळ्या पंपांवर पेट्रोल तेच, सोडा तोच, भाव जवळजवळ तोच. मग एकाने पिंजऱ्यात खडखड्या साप ठेवले. दुसऱ्याने टेलिफोनचे दोन खांब तिरपे रोवून त्यांना पिसं लावली आणि त्यांचे प्रचंड बाण केले. तिसऱ्याने खोल्याच टीपीच्या, म्हणजे शंकूच्या आकाराच्या तंबूसारख्या बांधल्या. या गोष्टींकडे आज आपण वेडगळ कल्पकता म्हणून पाहतो, आणि ती होतीही. पण तिच्या मुळाशी रोकडा हिशोब होता. साप बघायला फुकट आणि पेट्रोल विकत.

जाहिरातीत यांचा हात धरणारा कुणी नव्हता. ॲरिझोनातल्या जोसेफ सिटीजवळचं जॅक रॅबिट ट्रेडिंग पोस्ट हे दुकान १९४९ मध्ये निघालं. मालकाने पिवळ्या फळ्यांवर काळा ससा रंगवून त्या शेकडो मैल दूरपर्यंत लावल्या. आणि दुकानासमोर शेवटची, भली लांबलचक पाटी: ससा आणि त्यापुढे ‘हिअर इट इज’. आलं एकदाचं! दुकानात विशेष काय होतं? बसून फोटो काढण्याजोगा एक मोठा ससा आणि मग नेहमीचे दागिने, पोस्टकार्डं, मोकासिन. पण त्या तीन शब्दांपर्यंत पोचल्यावर ब्रेक न दाबणारा माणूस विरळाच. हे दुकान आजही सुरू आहे.

आता या उद्योगाची काळी बाजू. ‘ट्रेडिंग पोस्ट’ ही मुळात खरीखुरी संस्था होती. गोरा व्यापारी नवाहो किंवा होपी या मूळनिवासी लोकांकडून लोकर, गालिचे, चांदीचं काम घ्यायचा आणि बदल्यात पीठ, कॉफी, कापड द्यायचा. आज ‘द थिंग’ ज्यांच्या मालकीचं आहे त्या बोलिन कंपनीची सुरुवातही १९१२ मध्ये न्यू मेक्सिकोत अशाच व्यापारातून झाली. मोटारी वाढल्या तसा पर्यटक हेच मोठं गिऱ्हाईक झालं, आणि पर्यटकाला खऱ्यापेक्षा चित्रपटातला इंडियन हवा होता. ॲरिझोनातले नवाहो ‘होगान’ नावाच्या लाकूड-मातीच्या घरांत राहत, होपींची दगडी घरं पठारांच्या माथ्यावर. टीपी उभारणारे लोक दूरच्या गवताळ मैदानांतले. तरीही रस्त्याच्या कडेला सगळीकडे टीपीच. नकली हस्तकलेचा सुळसुळाट इतका झाला की १९३५ मध्ये सरकारला कायदा करून त्यासाठी मंडळ नेमावं लागलं, आणि १९९० मध्ये आणखी कडक कायदा.

टू गन्स या ठिकाणाची कथा तर कुणी लिहून आणली असती तर संपादकाने अतिशयोक्ती म्हणून परत पाठवली असती. ॲरिझोनातल्या विन्स्लो आणि फ्लॅगस्टाफ या गावांच्या मध्ये कॅनियन डायब्लो नावाची घळ आहे. तिच्या काठावर हॅरी मिलर नावाच्या इसमाने १९२० च्या दशकात दुकान आणि प्राणिसंग्रहालय थाटलं. तो स्वतःला अपाची म्हणवायचा, लांब वेण्या राखायचा. घळीतल्या एका गुहेत पूर्वी कोंडून मारलेल्या अपाची लोकांच्या कवट्या त्याने म्हणे आठवणवस्तू म्हणून विकल्या. १९२६ मध्ये जागेच्या मालकाशी, अर्ल कंडिफशी, त्याचं भांडण झालं आणि मिलरने त्या निःशस्त्र माणसाला गोळी घातली. खटल्यात तो निर्दोष सुटला. पुढे त्याच्याच संग्रहातल्या पहाडी सिंहाने त्याला फाडलं आणि एका विषारी सरड्याने चावा घेतला, तरी तो जगला. राज्याच्या सीमेवर जाऊन त्याने दुसरं प्राणिसंग्रहालय काढलं! टू गन्सचा नवा पेट्रोल पंप १९७१ मध्ये जळाला. आज तिथे दगडी भिंती उरल्या आहेत आणि त्यांच्यावर ‘माउंटन लायन्स’ ही अक्षरं अजून वाचता येतात.

या साऱ्या जत्रेत सगळ्यांना शिरकाव होता असंही नव्हे. कृष्णवर्णीय कुटुंबाला या रस्त्यावरच्या बहुसंख्य मोटेलांत खोली मिळत नसे. आपल्याला कुठे थारा मिळेल हे सांगणारी ‘ग्रीन बुक’ नावाची पुस्तिका १९३६ पासून निघत होती आणि ती गाडीत ठेवूनच लोक निघत. जुन्या रस्त्याच्या आठवणींनी गहिवरणाऱ्या पुस्तकांत हे प्रकरण बहुधा तळटिपेत असतं.

आता ऱ्हासाकडे. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी जून १९५६ मध्ये आंतरराज्य महामार्गांच्या कायद्यावर सही केली. ४१,००० मैलांचं जाळं, खर्चाचा ९० टक्के वाटा केंद्राचा. या रस्त्यांचं खरं वैशिष्ट्य त्यांच्या रुंदीपेक्षा त्यांच्या कुंपणात आहे. त्यांच्या कडेला दुकानाचं दार उघडत नाही. ठरावीक फाट्यावर उतरायचं, ठरावीक ठिकाणी परत चढायचं. फाट्याजवळची जमीन महाग, ती साखळी मोटेलं आणि साखळी हॉटेलं घेणार. गंमत अशी की या साखळ्यांपैकी एका बड्या साखळीचा जन्म रूट ६६ च्या वाटेवरचाच. मोहावी उतरून आलेला रस्ता सॅन बर्नार्डिनोला पोचतो; मॅकडोनाल्ड बंधूंनी १९४० मध्ये आपल्या नावाचं पहिलं दुकान काढलं ते याच शहरात.

त्याच सुमाराला मोटारही सुधारली. १९६० चं दशक संपेपर्यंत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून अधिक नव्या गाड्यांत वातानुकूलन आलं. काच बंद, आत गारवा, रेडिएटर शांत, टाकी मोठी. वाळवंट आता खिडकीतून बघायची गोष्ट झाली. १९६५ मध्ये महामार्ग सुशोभीकरणाचा कायदा झाला. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लेडी बर्ड जॉन्सन त्यासाठी आग्रही होत्या. मुख्य महामार्गांपासून ६६० फुटांच्या आत जाहिरातफलकांवर निर्बंध आले. हेतू चांगलाच होता, आणि फलकांनी खरोखरच देश विद्रूप केला होता. पण ज्यांचा सगळा धंदाच पाट्यांवर उभा होता त्यांचं भांडवल त्याने गेलं. भरपाई देऊन फलक काढायचे होते, पैसे अपुरे पडले, म्हणून अंमलबजावणी अर्धवट राहिली. पिवळ्या पाट्या आजही दिसतात त्या या फटीतून.

माझ्या मते मारक ठरला तो वेग. ताशी ४०-४५ मैलांनी जाणाऱ्या माणसाला पाटी वाचायला, हसायला, बायकोशी वाद घालायला आणि थांबायचं ठरवायला वेळ मिळतो. ७० च्या वेगात तो फाटा मागे पडलेला असतो आणि पुढचा दहा मैलांवर असतो. दहा मैल जाऊन साप बघायला कोण परत येतं?

ॲम्बॉय हे या मरणाचं ठळक उदाहरण. मोहावीतल्या रेल्वेने आपल्या ठाण्यांना वर्णक्रमाने नावं दिली होती: ॲम्बॉय, ब्रिस्टल, कॅडिझ, डॅनबी, एसेक्स, फेनर, गॉफ्स. त्यातल्या ॲम्बॉयला रॉय क्रोल याने १९३८ मध्ये पंप काढला. त्याचा जावई बस्टर बरिस याने तिथे गॅरेज, कॅफे, मोटेल उभं केलं, विजेच्या तारा स्वखर्चाने आणल्या. १९५९ मध्ये ५० फुटी निऑनची पाटी उभी राहिली, लाल बाण खाली रोखलेला, रात्री मैलोन्‌मैल दिसणारी. धंदा चोवीस तास चालायचा.

नवा आंतरराज्य ४० इथल्या ब्रिस्टल डोंगरांतून सरळ न्यायचा होता. डोंगर फोडायला १९६३ मध्ये एक योजना गंभीरपणे तयार झाली: अणुऊर्जा आयोग, राज्याचं महामार्ग खातं आणि सांता फे रेल्वे यांनी मिळून २२ अणुस्फोट करून खिंड पाडायची. नाव होतं प्रोजेक्ट कॅरीऑल. ते बारगळलं आणि रस्ता नेहमीच्या सुरुंगांनीच झाला. १९७३ मध्ये तो खुला झाला आणि ॲम्बॉयचं गिऱ्हाईक एका दिवसात आटलं. अणुबॉम्ब लागला नाही. शेजारचं बॅगडॅड तर साफ पुसलं गेलं. त्याचं नाव १९८७ च्या ‘बॅगडॅड कॅफे’ या चित्रपटामुळे टिकलं. चित्रीकरण मात्र पश्चिमेला, न्यूबेरी स्प्रिंग्जच्या एका कॅफेत झालं होतं. पुढे त्या कॅफेने चित्रपटाचंच नाव घेतलं आणि युरोपातले पर्यटक तिथे येऊ लागले.

ॲरिझोनातल्या सेलिग्मन गावाला २२ सप्टेंबर १९७८ रोजी वळसा पडला. तिथला न्हावी एंजल डेलगाडिल्यो सांगत असे, दिवसाला हजारोंनी जाणाऱ्या गाड्या त्या दिवशी जणू नळ बंद करावा तशा थांबल्या. विल्यम्स हे शेवटचं गाव १९८४ मध्ये बाजूला पडलं आणि जून १९८५ मध्ये रूट ६६ सरकारी यादीतून निघाला. नकाशांवरून क्रमांकही गेला.

यानंतर जे घडलं ते मात्र वेगळं. एंजलने १९८७ मध्ये गावकऱ्यांना जमवून संघटना काढली आणि राज्य सरकारच्या मागे लागून सेलिग्मन ते किंगमन हा टप्पा ‘ऐतिहासिक रस्ता’ म्हणून जाहीर करून घेतला. त्याचा भाऊ हुआन १९५३ पासून स्नो कॅप नावाचं खाद्यगृह चालवत होता. त्याच्या दाराला दोन मुठी, त्यातली एक खोटी; मोहरीची बाटली गिऱ्हाइकावर रोखली की पिवळी दोरी बाहेर उडायची. वेडेपणा जुनाच होता, फक्त आता तो बघायला लोक मुद्दाम येऊ लागले. पिक्सारच्या मंडळींनी ‘कार्स’ हा २००६ चा चित्रपट करताना एंजलची गोष्ट ऐकली होती. त्यातलं रेडिएटर स्प्रिंग्ज हे ओस पडलेलं गाव आपल्याकडच्याही मुलांना पाठ आहे. लॉस एंजेलिसमधली मराठी कुटुंबं पुण्या-मुंबईहून आलेल्या आईवडिलांना ग्रँड कॅनियनला नेतात तेव्हा सेलिग्मनला थांबतात, ते बहुधा नातवंडांच्या या पाठांतरामुळे.

पण इथे काय बदललं ते नीट पाहायला हवं. पूर्वी रस्ता आपल्या कामाचा होता आणि ससा, साप, बाण ही त्यावरची आमिषं होती. आता रस्ताच प्रदर्शनात ठेवलेली वस्तू झाला आहे. साप पाहायला कुणी येत नाही. ‘इथे पूर्वी साप होते’ हे पाहायला येतात.

टेलिफोनच्या खांबांच्या त्या बाणांचं, म्हणजे ट्विन ॲरोजचं पाहा. दुकान १९९८ ला बंद पडलं, बाण मोडकळीला आले. २००९ मध्ये स्वयंसेवकांनी होपी लोकांच्या मदतीने ते दुरुस्त केले. मग २०१३ मध्ये नवाहो राष्ट्राने जवळच मोठा कॅसिनो उघडला आणि त्याचं नाव ठेवलं ट्विन ॲरोज. गोऱ्या दुकानदाराने ज्यांच्या नावाने खोटे बाण रोवले, त्यांनीच ते नाव उचलून आपला गल्ला भरला. मला हा सूड मोठा रसिक वाटतो.

टीपींच्या मोटेलांचंही तसंच. फ्रँक रेडफर्ड या केंटकीच्या गृहस्थाने तो आराखडा काढला. एकूण सात ‘विगवॅम व्हिलेज’ झाली, त्यातली तीन उरली. ॲरिझोनातल्या होलब्रुकचं १९५० चं मोटेल चेस्टर लुईसने बांधलं. आराखड्याचा मोबदला म्हणून त्याने खोल्यांत नाणं टाकून चालणारे रेडिओ ठेवले आणि ती नाणी रेडफर्डला पाठवली. ते १९७४ मध्ये बंद पडलं आणि १९८८ मध्ये कुटुंबाने पुन्हा उघडलं. कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोच्या हद्दीवरचं दुसरं एक अगदी रया गेलेलं होतं. २००३ मध्ये एका पटेल कुटुंबाने ते घेतलं आणि रंगरंगोटी, दुरुस्ती करून नावारूपाला आणलं. १९७०-८० च्या दशकांत भारतीयांनी मोडकी मोटेलं घ्यायला सुरुवात केली तेव्हा शेजारच्या स्पर्धकांनी ‘मालक अमेरिकन’ अशा पाट्या लावल्या होत्या. त्या पाट्या आता गेल्या. शंकूच्या खोल्या पटेलांनी राखल्या.

सगळ्यांनाच असा वारस मिळत नाही. बेकर गावात १९९१ मध्ये १३४ फुटांचा तापमापक उभारला गेला. १९१३ मध्ये डेथ व्हॅलीत नोंदलेल्या १३४ अंश फॅरेनहाइटच्या, म्हणजे ५६.७ सेल्सियसच्या उच्चांकासाठी हा आकडा. लास व्हेगासला जाणाऱ्याला तो गाडीतूनच दिसतो, फोटोही गाडीतूनच निघतो, आणि तोच त्याचा घाटा. २०१२ मध्ये तो विझला. दोन वर्षांनी उभारणाऱ्याच्याच कुटुंबाने पुन्हा सुरू केला. ‘द थिंग’ने २०१८ मध्ये कात टाकली. शेडच्या जागी संग्रहालय झालं, त्यात डायनोसॉर आणि परग्रहवासी आले, तिकीट वाढलं. मला जुना एक डॉलर बरा वाटतो.

आणि ॲम्बॉय? २००५ मध्ये हुआन पोयो या चिकन-खाद्यगृहांच्या साखळीचा संस्थापक अल्बर्ट ओकुरा याने अख्खं गाव सव्वाचार लाख डॉलरला घेतलं. पंप सुरू झाला. नोव्हेंबर २०१९ मध्ये निऑनची पाटी अनेक वर्षांनी पेटली. मोटेलच्या खोल्या तो हयात असेतो उघडल्या नाहीत, कारण तिथलं भूजल खारट आहे आणि पिण्याचं पाणी बाहेरून आणावं लागतं. बस्टर बरिसच्या काळीही ते रेल्वेनेच येत असे. ओकुरा २०२३ मध्ये वारला.

खुद्द रस्त्याची अवस्था त्याहून बिकट आहे. ॲम्बॉयच्या आजूबाजूला कोरड्या ओढ्यांवर शंभराहून जास्त जुने लाकडी पूल आहेत. वर्षानुवर्षं पाणी नसतं आणि मग उन्हाळ्यातल्या एका वळवाने पूल वाहून जातो. २०१७ च्या पुरानंतर या रस्त्याचे टप्पे दीर्घकाळ बंद राहिले. पूल सिमेंटचे केले तर टिकतील, पण मग ऐतिहासिक रस्त्यात ऐतिहासिक काय उरलं, असा आक्षेप येतो. लाकडाचेच ठेवले तर प्रत्येक पुरागणिक तिजोरी उघडावी लागते, आणि हा रस्ता सॅन बर्नार्डिनो काउंटीच्या गळ्यात आहे. वाद चालू आहे. तोवर ॲम्बॉयला जायचं तर आंतरराज्य ४० घ्यायचा, केलबेकर रस्त्याच्या फाट्याला उतरायचं आणि दक्षिणेकडे वळायचं.